बाबांचा आकडा

आमच्या खेडकडे भूकंपाची बातमी होत नाही, चहा होतो. डोंगरापलीकडे कोयना. तिने कूस बदलली की आमच्या मांडणीवरच्या पळ्या किणकिणतात, कौलांतून चिमूटभर माती पडते, शेजारचं कुत्रं उगीच शूर होतं. मग घरातल्या प्रत्येकाने धक्का किती रिश्टरचा, तो आपापला आकडा सांगायचा. सगळ्यांचे आकडे झाल्याशिवाय मोबाईल उघडायचा नाही. ज्याचा आकडा खऱ्यापासून सर्वांत लांब, त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा.

हा चहा कायम दादा करायचा, नाहीतर मी. बाबांनी कधी केलेला मला आठवत नाही. लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांचा जन्म प्रेशरचे काटे बघण्यात गेला. आमटीचा भुरका मारून ते "तीन पॉइंट दोन" म्हणायचे आणि मोबाईलवर साधारण तेच यायचं. आई म्हणायची, "कोयना ह्यांना इचारून हलते."

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर एका दुपारी बाबा जेवता जेवता थांबले. "हलला," ते म्हणाले. "दोन पॉइंट आठ."

आम्हाला काहीच कळलं नव्हतं. पळ्या गप्प, कुत्रं झोपलेलं. मोबाईलवरही काही नाही. दादाला तर घबाडच मिळालं. "बाबा, आजची चाय तुमच्यावर!" बाबा हसत उठले, पण आईने त्यांना चुलीपर्यंत जाऊ दिलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा. दादाने घराला वेधशाळा म्हणायला सुरुवात केली. कामावर जाताना दारातून विचारायचा, "आज किती रिश्टर? कंपनीची बस सोडू का पकडू?" बाबाही हसायचे. मला मात्र त्या थट्टेचा राग यायला लागला होता, आणि का येतो ते सांगता येत नव्हतं. काटे वाचणारा माणूस असा चुकत नाही, एवढंच मनात येई.

एका संध्याकाळी पडवीत बाबा पेपर वाचत होते. त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि शेजारी पाण्याचा स्टीलचा पेला. पेला बारीक वाजत होता. मी मांडणीकडे पाहिलं. पळ्या हलत नव्हत्या. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला, तेव्हा पेला थांबला.

डॉक्टरांनी त्यांना हात पुढे धरायला लावला, चालायला लावलं, मग नसांचा आजार आहे म्हणून सांगितलं. गोळ्या कायमच्या. बाबांनी एकच विचारलं, "वाढत जातो काय हा?" डॉक्टर म्हणाले, "हळूहळू."

त्या दिवसापासून घरात आकडा हा शब्द कोणी काढला नाही. दादा दारातून काही न विचारताच बस पकडायला लागला. आई बाबांचा कप अर्धाच भरायला लागली. बाबा तो बघायचे आणि मुकाट्याने प्यायचे. मला ते बघवत नसे.

मग यंदा, एका रविवारी सकाळी, खरोखर हललं. पळ्या नुसत्या किणकिणल्या नाहीत, दोन खाली पडल्या. आई, दादा आणि मी घराबाहेर खळ्यात धावलो. बाबा आले नाहीत. मी परत आत गेले तर ते खुर्चीत डोळे मिटून बसलेले, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळून धरलेले. अंगातलं सगळं बळ लावून ते स्वतःला थांबवत होते.

"बाबा, उठा! घर हलतंय!"

त्यांनी डोळे उघडले. "तुला पण कळला?"

"सगळ्यांना कळला. चला आधी."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. तोपर्यंत सगळं शांत झालं होतं. बाबाच म्हणाले, "काय रे, आकडे नाय सांगायचे?"

दादाने सुरुवात केली. "तीन पॉइंट एक."

मी तीन म्हटलं, आईने साडेतीन. बाबांनी अंमळ विचार केला. "चार पॉइंट चार. जबर होता."

दादाने मोबाईल काढला आणि बराच वेळ त्यातच बघत राहिला. "तीन पॉइंट दोन," तो खाली बघत म्हणाला. बाबांच्या आकड्यातलं वरचं एक पॉइंट दोन कुठून आलं ते आम्हा चौघांनाही कळलं होतं.

"म्हणजे चाय माझ्यावर," बाबा म्हणाले.

"असू दे वो, मी करते," आई पुढे झाली.

"नाय. हरलो तो मी."

त्यांनी आधण ठेवलं, साखर घातली, आलं ठेचलं. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो, आत जायचं धाडस कोणालाच झालं नाही. त्यांनी चारही कप काठोकाठ भरले, स्वतःचासुद्धा. मग एकेक बशी उचलून आमच्या हातात दिली. प्रत्येक कपातला निम्मा चहा बशीत आला होता.

"सांडला तो आज कोयनेवर ढकला," बाबा म्हणाले.

आई हसली आणि तिने पदर डोळ्याला लावला. आम्ही सगळ्यांनी बशीतला चहा आधी प्यायला.