पंक्याचा एकुलता एक गोल

आईची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. म्हणजे एक-दोन किस्से घडले तेव्हा मी मैदानावर नव्हतो, आणि जिथे होतो तिथे चष्मा घरी होता. गोलकीपरने चष्मा लावून उभं राहायचं नसतं ना! तरी पण खरं आहे.

फुटबॉल क्लबात किस्से साठतात ते किटबॅगेतल्या मोज्यांसारखे. कोणाचा कोणता ते सांगता येत नाही, जोडी जमत नाही, फेकायचं कोणाच्या मनात येत नाही, आणि वास मात्र सगळ्यांना एकच. आमच्या बॅगेतले निम्मे मोजे एकट्या पंक्याचे.

पंक्या म्हणजे पंकज, आमचा मिडफिल्डर. रायपूरच्या तात्यापाऱ्यातला पोट्टा. वडील रेल्वेतून रिटायर, मूळचे वर्ध्याकडचे. मी त्याच क्लबचा गोलकीपर. वय झालं तरी मला कोणी काढलं नाही, कारण तिथे उभं राहायला दुसरा कोणी तयार नव्हता. पंक्याच्या अख्ख्या करियरचा सर्वात जवळचा साक्षीदार मीच. कारण तो बॉल पास करायचा तो फक्त मला!

समोर मैदान मोकळं असो, आमचा स्ट्रायकर हात हलवून हलवून थकलेला असो, पंक्या वळणार आणि बॉल मागे देणार. एकदा मी वैतागून ओरडलो, "काहून बे, समोर दे ना!"

"भाऊ, समोर लोकं आहेत," पंक्या म्हणाला. "तुमच्याजवळ बॉल सेफ राहते."

तोपर्यंत मी त्या मॅचमध्ये चार गोल खाल्ले होते.

*

पंक्याला काय पाहिजे होतं, ते आधीच सांगून ठेवतो. गोल नको होता, कप नको होता, नाव नको होतं. त्याला नवा रायपूरच्या मंत्रालयात स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी पाहिजे होती. तिच्यासाठी राज्याच्या टूर्नामेंटमध्ये जिंकलेल्या टीमचा खेळाडू असावं लागे. आणि वयाची अट संपायला एकच सीझन उरला होता.

वडील रोज सकाळी चहासोबत हेच वाढायचे. "आयुष्यभर बॉलच्या मागे धावला. आता नोकरीच्या मागे धाव. आणि तिथं तरी बॉलसारखं मागे देऊ नको!"

पंक्याने मनावर घेतलं. मेहनतीची सुरुवात केसांपासून केली. मोबाइलमध्ये कोणा युरोपातल्या मिडफिल्डरचा फोटो दाखवून त्याने डोकं पांढरंशुभ्र करून आणलं. खेळ तोच, केस नवे!

वडिलांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "वा! नोकरी लागायच्या आधीच पेन्शनवाला दिसून राहिला."

*

आमचं मैदान बीरगावला. बाजूला कारखाने. वाऱ्याने तोंड फिरवलं की काळी धूळ अशी यायची की आम्ही टॉस हरलो तरी चालेल, पण वाऱ्याची दिशा आमची पाहिजे! आणि अशा मैदानासाठी आमच्या मालकांनी जर्सी घेतली पांढरी. काहून? तर ज्योतिषाने सांगितलं होतं.

एकदा समोरची टीम काळ्या जर्सीत आली. पहिला हाफ ठीक चालला. दुसऱ्या हाफमध्ये वारा सुटला, आणि अर्ध्या तासात बावीसच्या बावीस खेळाडू काळे! कोण आपला, कोण त्यांचा, काही पत्ता नाही. चांगले चांगले खेळाडू नेमका दुश्मनाला बॉल देऊन राहिले. आमच्या स्ट्रायकरने तर त्यांच्या कॅप्टनला मिठी मारली.

फक्त पंक्याच्या खेळात काडीचा फरक पडला नाही.

मॅच संपल्यावर कोचने त्याची पाठ थोपटली. आमचे कोच वर्माभैया, इथलेच छत्तीसगढी. "शाबाश पंकज! इतनी धूल में भी तुम जरा नहीं घबराए."

"हव भैया," पंक्या म्हणाला, "मैं वैसे भी देख के पास नहीं देता."

*

फ्री किक मिळाली की पंक्याचा जीव फुलायचा. बॉल दोन्ही हातांनी ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुसायचा, ठेवायचा. मग टीव्हीतल्यासारखा पाय फाकवून उभा, डोळे बंद, लांब श्वास. मग मागे मागे चालत जायचा. धावायला जागा पाहिजे ना!

एका मॅचला तो इतका मागे गेला की रेषेबाहेर चहाच्या ठेल्याला जाऊन टेकला. ठेलेवाल्याने विचारलं, "कितना दूं भैया?" पंक्या तिथून जो सुटला, धूळ उडवत, दात आवळत, समोरच्या खेळाडूंची भिंत हात धरून थरथर कापत उभी! बॉलजवळ पोचला तेव्हा त्याला इतका दम लागला होता की तो थांबला, कमरेवर हात ठेवला, आणि बॉल हळूच मागे दिला.

मला!

*

आता मालक. बीरगावजवळच्या उरला इंडस्ट्रियल एरियात त्यांचा कारखाना. सगळे त्यांना शेठजी म्हणायचे. शेठजींना फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं की बॉल गोल असतो, आणि तेही कोणीतरी सांगितलं म्हणून. तरी हाफटाइमला खुर्ची टाकून मीटिंग घ्यायचे, कारखान्यातल्यासारखी.

एकदा त्यांनी पंक्याकडे बोट केलं. "ये लड़का आगे भी नहीं जाता, पीछे भी नहीं रहता। ये करता क्या है?"

वर्माभैया अदबीने म्हणाले, "सर, ये बीच में खेलता है। इधर से लेता है, उधर देता है।"

शेठजींनी खुर्ची पंक्याकडे वळवली. मग म्हणाले, "हमारी लाइन में इसको दलाल बोलते हैं। कमीशन कितना खाता है?"

सगळे पोट्टे खाली मान घालून हसून राहिले. पंक्या मात्र गंभीर. "शेठजी, मले तं काहीच भेटत नाही."

"तो बेटा," शेठजी म्हणाले, "तू दलाल भी ठीक से नहीं है।"

*

आणि मग त्या राज्याच्या टूर्नामेंटची फायनल. पंक्याचा शेवटचा चान्स. जिंकलो तर मंत्रालय, हरलो तर जन्मभर वडिलांचा चहा. वडील स्वतः आले होते, डब्यात पेढे घेऊन. "जिंकला तं वाटीन," म्हणाले, "हरला तं मी एकटाच खाईन."

आमच्याकडच्या टूर्नामेंटचा एक रिवाज आहे. चीफ गेस्ट ज्या क्षणी येतील त्या क्षणी मॅच थांबते. कोणी पेनल्टी मारत असो की कोणाचा पाय मोडलेला असो. दोन्ही टीमने लाइनीत लागायचं, साहेब सगळ्यांशी हात मिळवणार, फोटो निघणार, मग पुढचा खेळ. आणि चीफ गेस्ट वेळेवर आले, असं आजवर झालेलं नाही. त्या दिवशीचे साहेब किक-ऑफला यायचे होते. ते आले तेव्हा मॅच संपतच आली होती.

शून्य-शून्य. बॉल पंक्याकडे. मी सवयीने हात पसरून उभा. पण पंक्या वळलाच नाही! त्याने एकाला चकवलं. दुसऱ्याला चकवलं. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. तिसरा अंगावर आला तसा पंक्याने डाव्या पायाने असा फटका हाणला की बॉल हवेत सुसाट! आणि नेमका तेव्हाच गेटवर साहेबांच्या गाडीचा सायरन वाजला.

रेफरीने ताबडतोब शिट्टी फुंकली. समोरच्या कीपरने ग्लव्ज काढले, केस सारखे केले आणि लाइनीत लागायला निघाला. बॉल रिकाम्या गोलमध्ये शिरला.

"गोल!" आम्ही ओरडलो.

"शिट्टी आधी झाली!" ते ओरडले.

रेफरी दोघांकडे न पाहता साहेबांकडे पाहू लागला. साहेबांनी गाडीतून उतरता उतरता जाळीतला बॉल पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. "वाह! क्या गोल मारा है!"

साहेबांनी टाळ्या वाजवलेला गोल रद्द कोण करणार? रेफरीने गोल देऊन टाकला. वडिलांनी पेढ्यांचा डबा उघडला.

तोच समोरची अख्खी टीम साहेबांच्या गाडीपुढे फतकल मारून बसली. "साहब, अन्याय हुआ है!" फोटोवाले तिकडे धावले. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "देखो भाई, हमारे लिए दोनों टीम बराबर हैं। इनको एक मिला है, तो एक उनको भी दे दो।"

वडिलांनी डबा बंद केला.

रेफरी चाचरला. "सर, कैसे दें?"

"अरे, जैसे इनको दिया!"

मग आम्हाला सगळ्यांना लाइनीत उभं केलं, मलासुद्धा. त्यांच्या कॅप्टनने बॉल पायाने ढकलत ढकलत आमच्या रिकाम्या गोलमध्ये नेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गोल! एक-एक. साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत होता, म्हणून मॅच तिथेच संपली आणि दोन्ही टीम विजेत्या ठरल्या. वडिलांनी डबा पुन्हा उघडला.

पंक्या आज मंत्रालयात आहे.

आता खोटं कुठलं तेही सांगतो. पंक्याने दोघांना चकवलं, डाव्या पायाने फटका हाणला, ते मी घातलं. पंक्या तेवढा पुढे गेला होता, कारण गेट त्या बाजूला होतं. साहेबांची गाडी येऊन राहिली का, ते बॉलकडे पाठ करून पाहत होता. समोरच्या टीमच्याच डिफेंडरने मारलेला बॉल पंक्याच्या पाठीवर आदळला आणि आत गेला.

साहेबांनी गोल वाटले, ते मात्र अगदी असंच झालं.