टेबलावर बोलणारा रेडिओ
कोथरूडात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापुढनं जाताना तारा जोडायला कथलाचा डाग दिल्याचा वास येतो आणि मला आमच्या वर्कशॉपमधलं रक्त आठवतं. तेव्हा खाजगी विमानं नुकती सुरू झाली होती, त्यांचे रेडिओ दुरुस्तीला आमच्याकडे यायचे. एक सेट हवेत मध्येच मुका व्हायचा आणि आमच्या टेबलावर घडाघडा बोलायचा. जुने सेट आम्ही मुठीनं ठोकून बघायचो, पण हा परदेशी, महागाचा, म्हणून ठोकायचा नाही असा हेड मेकॅनिकचा हुकूम. त्यानं 'दोष नाही' म्हणून तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी पायलट सेट काखेत मारून आला. उतरताना टॉवरचा आवाज गेला आणि समोरच्या विमानाला धडकता धडकता तो वाचला होता. सेट टेबलावर लावला, तर लागला की बोलायला. "दोष नाही काय रे भडव्या?" म्हणत पायलटनं हेडची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. नाक फुटलं आणि रेडिओ मुका झाला. पुन्हा आपटलं, रेडिओ पुन्हा बोलला. हेडला सोडवायचं सोडून मी ओरडलो, "साहेब, सापडला! हादऱ्यानं आवाज तुटतोय, आतला कथलाचा डाग सुटलाय!" हेड रक्त थुंकत म्हणाला, "सापडला ना? मग मला सोडायला सांग की त्याला." यंदा बायकोची छाती घरी धडधडायची आणि दवाखान्यात मशीनला लावली की सगळं ठीक. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, आजींना काही झालेलं नाही." मी टेबलावरनं वाकून त्याची कॉलर धरली. ती म्हणाली, "अहो, सोडा त्यांना, लेकराएवढे आहेत." तिनं सांगितलं म्हणून सोडली. त्याच आठवड्यात ती गेली.