गळ नसताना नुसता चारा टाकणं गुन्हा आहे का?

मंडळी, आज सकाळी तलावावर चौकीदाराने मला धरलं.

वाडीच्या पलीकडच्या या तलावावर मी आणि माझा मित्र दिनकर कित्येक वर्षं रविवारी मासे धरायला जायचो. सरकीची ढेप कणकेत मळून आणायचं काम माझं. तिचे गोळे पाण्यात टाकले की मासे जमतात, मग गळ टाकायचा. गळ-दोरीची पिशवी दिनकरची. गेल्या महिन्यात तो मुलाकडे पुण्याला कायमचा गेला. आज मी पहिल्यांदाच एकटा गेलो.

चार गोळे टाकले तोच चौकीदार ओरडत आला. "काकाजी, काय टाकून राहिले? चारा टाकून मासे जमवणं बंद आहे इथं!"

मीही तापलो. "काहून? कोणत्या कायद्यात लिहिलं आहे, दाखव गा मले!"

"कायदा मले नाही माहीत. साहेबानं सांगितलं, गळवाल्यायले हाकला. तुमचा गळ कुठं आहे?"

मी पिशवी उघडली. ढेप होती, दोघांपुरता चहा होता. गळ नव्हता. तो मी कधी आणलाच नव्हता.

"मग तुम्हाले हाकलू कसं?" चौकीदार म्हणाला आणि दिनकरच्या वाटणीचा चहा पिऊन गेला.

मासे मात्र काठाशी जमले होते. मी बघत बसलो.

कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा, असा चारा टाकणं कायद्यात बसतं का? बसत असेल, तर पुढच्या रविवारी कोणी गळ घेऊन येईल का?

ढेप मी आणतो. चहापण.