परमिटचा शर्ट

बाबांकडे एक आकाशी शर्ट आहे. तो लग्नाला नाही, बाजारालाही नाही. फक्त परमिट काढायला. बाबा लांब ट्रेलर चालवतात. माल नेहमीपेक्षा मोठा असला की तो रस्त्यावर आणण्याआधी महामार्ग कार्यालयाची परवानगी लागते. ती आणायला ते हा शर्ट घालून मुंबईला जात. एक आकडा चुकला की अख्खा अर्ज नव्याने. पुन्हा शर्ट, पुन्हा मुंबई.

मग ते काम मोबाइलवर आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. मी शहापूरला इतिहास शिकते, हे मी बाबांना दोनदा सांगून पाहिलं.

वाशिंदच्या एका कारखान्यातून मोठी लोखंडी टाकी मुरबाडला न्यायची होती. टाकी ज्या रस्त्याने जाणार, तो शहापूर-मुरबाड रस्ता आमच्या गावच्या फाट्यावरून जातो. आईने बाबांना ट्रेलर चालवताना कधीच पाहिलं नव्हतं; या खेपेला दिसणार होते. पण रविवारी टाकी हलली नाही तर ट्रेलरचा मालक दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवणार होता. आणि शुक्रवारची दुपार झाली होती.

बाबा शर्ट घालून माझ्यासमोर बसले.

"बाबा, मोबाइलला शर्ट दिसत नाय."

"मला पन माहीत हाय. तू भर."

"चपला पन दाराबाहेर काढल्यात, हापिसात काढतात तशा," आई भाकरी थापता थापता म्हणाली.

मी लांबी विचारली, रुंदी विचारली, टाकीची उंची विचारली. बाबांनी बांबूने मोजून आणलेले आकडे कागदावरून सांगितले. मी अर्ज पाठवून दिला. मग त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"ही नुसत्या टाकीची उंची झाली. खालचा ट्रेलर कुठाय? टाकी काय उडत जानार हाय गो?"

आई तव्यावरची भाकरी विसरून हसायला लागली. मी मात्र घाबरत घाबरत खाली पाहिलं, तर तिथे 'दुरुस्ती करा' असं बटण होतं. दाबलं. उंचीची चौकट तेवढी उघडली.

"बाकीचं पुसलं नाय?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"आन् कोन वरडलं पन नाय?"

"कोण ओरडणार, बाबा?"

बाबा असे हसले की शर्टाचं वरचं बटण तुटून पिठाच्या परातीत पडलं.

अर्ज कुठवर आला हे मोबाइलवर दिसत होतं. वजन तपासलं. पूल तपासले. बाबा मॅचचा स्कोअर विचारावा तसं दर तासाला विचारत. शनिवारी दुपारी परमिट आलं. त्यात आमच्या रस्त्याचं नाव होतं. आईने ते बोट ठेवून, सावकाश, तीनदा वाचलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी फाट्यावर उभ्या राहिलो. आधी लाल झेंड्याची जीप आली, मग बांबूने विजेच्या तारा उचलून धरणारा माणूस, आणि मग ती टाकी, एखादं घर चालत यावं तशी. बाबा आकाशी शर्टात, नजर समोर.

"बघतील का गो इकडं?"

"कामावर हायत, आई. नाय बघणार."

ट्रेलर इतका हळू होता, की आई सरळ रस्त्याकडेने त्याच्याबरोबर चालायला लागली.

"बटन लावायचं राहिलं तुमचं," ती वर पाहून म्हणाली.

"माहीत हाय. जरा बाजूनं चाल."

ती बाजूने चालली, पण थांबली नाही. पुढच्या वळणापर्यंत गेली. चपला हातात घेऊन, हसत, मी तिच्या मागे धावले.