चिपटंभर ज्वारी
नव्या ज्वारीचा वास आला की तात्यांची पायली आठवते आणि अजून डोकं तापतं. वडील गेल्यावर परंड्याजवळचं आमचं शेत हे चुलतेच कसायचे आणि सुगीला आईला ऐंशी पायल्या ज्वारी द्यायचे, माप त्यांचंच. घरातली पहिली पदवी घेऊन मी आले, त्या वर्षी मुद्दाम ओसरीवर पोत्यापाशी बसले. पहिल्या पायलीला एक न म्हणता लाभ म्हणायची रीत, तात्या मोठ्यानं "लाभ" म्हणाले. पायली उपडी झाली तेव्हा तिचं बूड आत ठोकलेलं दिसलं. मी उठून आईचा सरकारी शिक्क्याचा शेर आणला. पायलीत चार शेर बसायला हवेत. मी एकेक शेर भरून तिच्यात ओतला, तर चौथ्यातली चिपटंभर ज्वारी बाहेर सांडली. "लई शिकलीस की गं. चुलत्याला मोजतीस व्हय?" "तुमाला न्हाय तात्या, पायलीला मोजतीय." "चिपट्यानं काय होतंय? पसाभर दाणं." "चार चिपट्यांचा शेर. ऐंशी पायल्यांत वीस शेर, म्हणजे पाच पायल्या गेल्या. आमच्या दोघींच्या महिन्याच्या भाकरी. आन् हे सहावं वरीस." आई मला "गप बस" म्हणाली, पण शेर तिनं माझ्या हातातून काढून घेतला नाही. त्या वर्षाच्या पाच पायल्या आदळून तात्या गेले, ते परत उंबऱ्याला आले नाहीत. पुतणीनं घर फोडलं, असं गावभर सांगतात. सांगू देत. ज्वारी आता त्यांचा गडी आणतो, आईच्या शेरानं मी मोजून घेते, आणि पहिल्या शेराला लाभ मी म्हणते.