मी उडी मारली नाही

"प्रकाश, बाहेर ये. मीटर वाजतोय."

"एकच बोल्ट राहिलाय, दाजी."

त्यानंतर आतून उत्तर आलं नाही. नुसता मीटर वाजत राहिला.

प्रकाश माझा मेव्हणा. भोपाळला आनंद नगरजवळ एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर, तो फिटर. त्याला इथे चिकटवला मीच. मोठा ट्रान्सफॉर्मर म्हणजे खोलीएवढी लोखंडी टाकी, आत तारांची कॉइल. ओल लागू नये म्हणून तेल काढलेल्या टाकीत नायट्रोजन भरून ठेवतात. माणूस उतरवण्याआधी तो काढायचा, कोरडी हवा सोडायची, मीटरनं ऑक्सिजन बघायचा. ते सगळं केलं होतं. ऑक्सिजन घटला की वाजणारा मीटर त्याच्या छातीला होता, अंगात पट्ट्यांचा हार्नेस, हार्नेसची दोरी वर विंचला, म्हणजे दोरी गुंडाळणाऱ्या चरखीला. टाकीच्या वरच्या तोंडाशी, मॅनहोलशी बसून मी छोटी प्रार्थनाही केली होती. ती मी दरवेळी करतो, सगळ्यांना सवय आहे.

नायट्रोजनला वास नसतो. गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस झोप लागावी तसा आडवा होतो.

मी विंच फिरवला. दोरी ताठ झाली आणि अडकली, आत कॉइलच्या कुठल्यातरी क्लॅम्पमध्ये.

मॅनेजर शर्माजी धावत आले. ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, डोकं आधीच तापलेलं. "देख क्या रहे हो, साळवेजी? उतरो! आपके यीशु तो साथ हैं ना!"

खोटं कशाला बोलू, एक पाय मी आत घातलाच होता. टॉर्चच्या उजेडात प्रकाशचा हात दिसत होता, निपचित पडलेला. माझ्या बायकोचा, सुनीताचा, एकुलता एक भाऊ. आमच्या धंद्यात एकाला काढायला बिनामास्क उतरलेला दुसराही बहुतेक वेळा आतच राहतो. हे मला पाठ आहे, दुसऱ्यांना मीच शिकवतो. पण आपलं माणूस आत असलं की शिकलेलं सगळं पाण्यात जातं.

मला थांबवलं ते शर्माजींच्या त्या शेवटच्या वाक्यानं. सैतानानं प्रभू येशूला देवळाच्या शिखरावर नेऊन हेच म्हटलं होतं: मार उडी, देवदूत झेलतील. प्रभूनं उडी मारली नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, त्याला सांभाळ, आणि मला इथेच धरून ठेव." पाय बाहेर काढला.

मग डोकं चालायला लागलं. शेजारी उभ्या टेक्निशियनला म्हटलं, "वर्मा, नाइट्रोजन का पाइप ही निकाल दो. सूखी हवा का होज़ इधर!" कोरड्या हवेची ती नळी खाली प्रकाशच्या तोंडाशी सोडली. शर्माजी दोरी खेचायला लागले.

"हाथ मत लगाइए, सर!"

आजवर त्यांच्याशी या आवाजात बोललो नव्हतो. दोरी ढिली केली, डावीकडे सरकवली, पुन्हा विंच फिरवला. सुटली.

प्रकाश वर आला तो निळा. श्वास नव्हता. मी तोंडानं श्वास देत राहिलो, वर्मा बाजूला बसून रडत होता. शेवटी प्रकाश खोकला. इतका गोड खोकला मी जन्मात ऐकला नाही.

नंतर कळलं, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद असूनही आतून गळत होता. आता माणूस उतरवण्याआधी आम्ही पाइपच काढून टाकतो.

प्रकाश हॉस्पिटलमधून धडधाकट घरी आला. सुनीता मात्र माझ्याशी धड बोलेना. "माझा भाऊ आत मरत होता आणि तुम्ही वर उभे होतात?" उभा तर होतोच.

रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ असते. देवाचा अनुभव आला त्यानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. आमचं चर्च हिंदी, पण सुनीता साक्ष मराठीतच देते. ती उठली तसा मी मान खाली घातली.

"देवानं माझ्या नवऱ्याला अडवून धरलं," ती म्हणाली, "म्हणून आज मला भाऊही आहे आणि नवराही."

खाली बसताना माझ्या कानाशी पुटपुटली, "पुन्हा त्याला आत पाठवलंत तर बघा."

धोक्यात देव वाट दाखवतो, हे मी मानतो. कधीकधी तो नुसतं 'थांब' म्हणतो. तेवढं घरी पटायला मात्र रविवार उजाडावा लागतो.