फुकटचे शब्द

कान गेल्यापासून रुक्साना मोबाईलवर माणसांचं बोलणं वाचायची. एक फुकटचं अ‍ॅप समोरच्याचे शब्द पडद्यावर उमटवायचं. त्या दिवशी सोलापुरातल्या दवाखान्यात डॉक्टर तिच्या गरोदर लेकीबद्दल, आयतबद्दल बोलू लागले आणि पडद्यावर आलं, 'मोफत सेवा संपली. पैसे भरा.' डॉक्टरांचे ओठ हलत राहिले. रुक्सानानं घाबरून आयतकडे पाहिलं. आयतनं घाईघाईनं कागदावर लिहिलं, 'बाळ ठीक आहे.'

बाहेर आल्यावर रुक्सानानं विचारलं, "मग इतकी वर्षं फुकट का दिलं?"

आयतनं त्याच कागदावर लिहिलं, 'चालवायला खर्च येतोच की, अम्मी. कंपनीनं आधी माणसं जमवली. आता तू सोडू शकत नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे.'

रुक्सानानं पैसे भरले, अक्षरं परतली. पण ती पुन्हा जातील ही भीती गेली नाही. त्याच संध्याकाळी ती आयतसमोर बसून ओठ वाचायला शिकू लागली.